हप्ता वेळेवर येतो, पण येतो कुठून? मायक्रोफायनान्स सोप्या भाषेत

फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटकात एक वटहुकूम निघाला. छोट्या कर्जाच्या वसुलीसाठी धाकदपटशा केला तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. त्याच्या चार महिने आधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, रिझर्व्ह बँकेने चार वित्त कंपन्यांना नवीन कर्ज वाटायला मनाई केली होती. व्याजदर अवाजवी आहेत आणि कर्ज देण्यापूर्वी घरच्या उत्पन्नाची नीट तपासणी होत नाही, असे आक्षेप होते. काही महिन्यांनी ती मनाई उठली. पुढे तमिळनाडूनेही कर्नाटकासारखाच कायदा केला. आपल्याकडेही ‘फायनान्सवाल्यां’च्या विरोधात बायकांचे मोर्चे तहसील कचेरीवर गेलेले आपण पाहिले आहेत.

याच व्यवसायाची दुसरी बाजूही आहे. मार्च २०२४ अखेर देशातली मायक्रोफायनान्स कर्जं सुमारे ४.३ लाख कोटी रुपयांवर पोचली होती. कर्जदार पावणेआठ कोटींच्या घरात, आणि त्या जवळपास सगळ्या बायका. परतफेडीचे आकडे तर चांगल्या काळात ९८-९९ टक्के असतात. मोठ्या उद्योगपतींची कर्जं बुडत असताना गरीब बाई मात्र हप्ता चुकवत नाही, हे कौतुकाने सांगितलं जातं आणि ते खरंही आहे.

मग मोर्चे कशासाठी? माझ्या मते, ‘हप्ता आला’ आणि ‘कर्ज झेपलं’ या दोन वेगळ्या गोष्टी आपण एकच समजतो. बहुतेक गोंधळाचं मूळ तिथे आहे.

मायक्रोफायनान्स म्हणजे काय

तारण न घेता, कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला दिलेलं छोटं कर्ज, एवढाच त्याचा अर्थ. रिझर्व्ह बँकेची २०२२ पासूनची व्याख्या अशी: ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न तीन लाखांपर्यंत आहे, त्या घराला दिलेलं विनातारण कर्ज. घर म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची लग्न न झालेली मुलं. कर्ज कोण देतंय याने फरक पडत नाही. बँक देईल, लघु वित्त बँक देईल किंवा फक्त हाच व्यवसाय करणारी कंपनी देईल.

तारण नाही, पगाराची स्लिप नाही, सातबारा असला तर सासऱ्याच्या नावावर. अशा बाईला बँकेने कर्ज द्यायचं तरी कशाच्या भरवशावर? मायक्रोफायनान्सने यावर शोधलेलं उत्तर म्हणजे गट. शेजारच्या पाच-दहा बायका एकत्र येतात आणि एकमेकींना जामीन राहतात. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरायचा. म्हणजे तारणाच्या जागी शेजारणींमधली पत आणि भीड येते. या रचनेचं सगळं बळ त्या भिडेत आहे, आणि जाचही तिथूनच सुरू होतो.

या पद्धतीचं श्रेय बहुतेक वेळा बांगलादेशाच्या मुहम्मद युनूस यांना दिलं जातं. १९७६ मध्ये जोब्रा गावात त्यांनी सुरुवात केली, १९८३ मध्ये ग्रामीण बँक उभी राहिली आणि २००६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण भारतात इला भट्ट यांच्या पुढाकाराने अहमदाबादेत सेवा बँक १९७४ मध्येच सुरू झाली होती. मुंबईत गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांच्या अन्नपूर्णा महिला मंडळाने १९७५ पासून राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. साताऱ्यातल्या म्हसवडला १९९७ मध्ये चेतना सिन्हा आणि गावच्या बायकांनी माणदेशी महिला सहकारी बँक उभारली. सभासद बायका अंगठा उठवतात म्हणून त्यांचा पहिला अर्ज फेटाळला गेला होता. पुन्हा गेल्यावर त्यांनी व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवायची तयारी दाखवली. हे मुद्दाम सांगतोय, कारण या क्षेत्राची सुरुवात शेअर बाजारातून झालेली नाही.

बचत गट वेगळा, फायनान्सचा गट वेगळा

बोलताना दोन्हींना ‘गट’च म्हणतात, त्यामुळे घोळ होतो. बचत गटात दहा ते वीस बायका आधी स्वतःचे पैसे साठवतात. त्या पैशातून एकमेकींना कर्ज देतात, व्याज गटातच राहतं. सहाएक महिने कारभार नीट चालला की बँक गटाला कर्ज देते. १९९२ मध्ये नाबार्डने ५०० गटांपासून हा प्रयोग सुरू केला, आज देशात असे १.४ कोटींहून जास्त गट आहेत. महाराष्ट्रात माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) आणि सरकारचं उमेद अभियान हे काम करतात. वेळेवर फेडणाऱ्या गटाला सरकारी सवलतीमुळे तीन लाखांपर्यंतचं कर्ज सात टक्क्यांनी पडतं.

कंपनीच्या गटात बचत नसते, कारण या कंपन्यांना ठेवी घ्यायची परवानगीच नाही. गट फक्त कर्जासाठी बनतो आणि त्यातल्या प्रत्येकीचं कर्ज स्वतंत्र असतं. कंपनीचा माणूस आठवड्याने, पंधरवड्याने किंवा महिन्याने येतो, मीटिंग होते, हप्ते गोळा होतात. व्याज २० ते २६ टक्क्यांच्या आसपास.

मग सात टक्के सोडून बाई चोवीस टक्क्यांकडे का जाते? कारण बचत गटाचं बँक कर्ज मिळायला कधी कधी महिनोन्‌महिने लागतात, शाखाधिकारी बदलला की फाइल मागे पडते, आणि मिळालेली रक्कम सगळ्यांत वाटून घ्यायची असते. कंपनीचा माणूस दारात येतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांत पैसे खात्यात जमा करतो. मुलाची फी भरायची मुदत महिनाअखेर असेल तर व्याजापेक्षा तारीख महत्त्वाची ठरते. त्या बाईला व्याज कळत नाही असं मानणं हा तिचा अपमान आहे.

वाढ एवढी कशी झाली

कर्जाची गरज तर होतीच, पण पैसा या बाजूला वळण्यामागे एक नियम आहे. बँकांना आपल्या कर्जांपैकी ४० टक्के कर्ज शेती, छोटे उद्योग, दुर्बल घटक अशा ‘प्राधान्य क्षेत्रा’ला द्यावं लागतं. बँकेला वाडीवस्तीवर शाखा काढणं परवडत नाही. म्हणून ती कंपनीला घाऊक कर्ज देते, कंपनी ते किरकोळीत वाटते आणि बँकेचं उद्दिष्ट पूर्ण व्हायला मदत होते. पुढे आधारमुळे ओळख पटवणं सोपं झालं, जनधनमुळे खाती उघडली गेली, आणि कोणाकडे किती कर्ज आहे याची नोंद ठेवणाऱ्या संस्था आल्या. कोलकात्यात छोट्या कर्जांपासून सुरुवात केलेली बंधन २०१५ मध्ये पूर्ण बँक झाली. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने लघु वित्त बँकांसाठी ज्या दहा संस्थांची निवड केली, त्यातल्या आठ मायक्रोफायनान्समधल्या होत्या.

चोवीस टक्के म्हणजे हातात किती पडतं

व्याज मोजायच्या दोन रीती आहेत. पहिली, ‘घटत्या शिलकेवर’: जेवढं मुद्दल उरलं तेवढ्यावरच व्याज. दुसरी, ‘फ्लॅट’: सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर शेवटपर्यंत व्याज. लग्नासाठी शंभर खुर्च्या भाड्याने आणल्या आणि रोज दहा परत करत गेलो तर घटत्या पद्धतीत उरलेल्या खुर्च्यांचंच भाडं लागेल. फ्लॅट पद्धतीत शेवटच्या दिवशी दहाच खुर्च्या उरल्या तरी भाडं शंभरांचं.

आता आकडे. ४०,००० रुपये, २४ महिने, २४ टक्के. घटत्या शिलकेवर महिन्याचा हप्ता साधारण २,११५ रुपये येतो आणि एकूण व्याज सुमारे १०,७५०. तोच दर फ्लॅट लावला तर हप्ता २,४६७ आणि व्याज १९,२००. उलट बाजूने पाहिलं तर ‘साडेतेरा टक्के फ्लॅट’ आणि ‘चोवीस टक्के घटत्या शिलकेवर’ यांचा हप्ता जवळपास सारखाच असतो. म्हणून ‘आमचं व्याज फक्त तेरा टक्के’ असं कोणी म्हणालं तर लगेच विचारायचं, कशावर? नियमानुसार कंपनीने सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर एका कागदावर लिहून द्यायचा असतो, तोही कर्जदाराला कळेल अशा भाषेत. प्रक्रिया शुल्क आणि विम्याचा हप्ता कर्जातूनच कापला जात असेल तर ४०,००० मंजूर होऊनही हातात त्यापेक्षा कमी येतात आणि व्याज मात्र ४०,००० वर चालू राहतं.

हा दर लूट आहे का? सरसकट नाही. कंपनी स्वतः बँकेकडून दहा-बारा टक्क्यांनी पैसे उचलते. ४० लाखांचं एक गृहकर्ज आणि ४० हजारांची शंभर कर्जं यांत रक्कम सारखीच, पण शंभर घरं तपासायची, शंभर खाती सांभाळायची आणि दोन वर्षांत २,४०० हप्ते गोळा करायचे, हा खर्च खरा आहे. मात्र हा खर्च भागून वर भरघोस नफा उरत असेल आणि दर खाली येत नसेल, तर तिथे रिझर्व्ह बँकेने हात घातलाच पाहिजे. २०२२ मध्ये दरावरची थेट मर्यादा उठली आणि दर ठरवणं कंपन्यांच्या संचालक मंडळांवर सोपवलं गेलं. दोनच वर्षांत चार कंपन्यांवर कारवाई करावी लागली, त्यावरून तो विश्वास थोडा घाईचा होता असं मला वाटतं.

‘सावकारापेक्षा तर बरंच ना?’

हो, बरंच बरं. ‘शेकडा पाच’ म्हणजे महिन्याला पाच टक्के, वर्षाला साठ. ४०,००० वर महिन्याला २,००० रुपये नुसतं व्याज. ते जन्मभर भरलं तरी मुद्दल तसंच. कंपनीच्या कर्जात महिन्याला त्याहून ११५ रुपये जास्त भरले की चोवीस महिन्यांत खातं बंद. सावकारी पाशाचा इतिहास आपल्याला नवा नाही. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून शेतकऱ्यांचा उठाव पसरला, तेव्हा लोकांचा राग सावकाराच्या कर्जरोख्यांवर होता; ते हिसकावून जाळले गेले. चार वर्षांनी इंग्रज सरकारला कायदा करावा लागला.

पण हा युक्तिवाद एका गोष्टीवर उभा आहे: कंपनीचं कर्ज आल्यावर सावकार गेला पाहिजे. तसं नेहमी होत नाही. सावकाराचे हप्ते तुलनेने लवचीक असतात. पीक आल्यावर दे, बैल विकल्यावर दे. कंपनीचा हप्ता ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी. मग तो भरायलाच सावकाराकडे जावं लागतं.

हप्ता येतो कुठून

सगळ्यात जास्त विचार या प्रश्नाचा व्हायला हवा.

कर्ज घेऊन बाईने म्हैस घेतली असं समजू. दूध डेअरीला जातं, दर दहा दिवसांनी पगार होतो, त्यातून हप्ता जातो. इथे पैसा येण्याची आणि जाण्याची लय जुळते, म्हणून दुधाचा धंदा असलेल्या गावांत ही कर्जं चांगली चालतात. पण म्हैस आटली की काही महिने ती भाकड असते. चारा लागतोच, दूध नाही, हप्ता मात्र सुरू. ज्या घरी दुसरं दुभतं जनावर आहे ते घर हे दिवस काढतं. एकच म्हैस असलेल्या घरात नवीन कर्ज येतं.

सोयाबीन-कापसाच्या घरात तर पैसा वर्षातून एक-दोनदाच येतो. हप्ते बारा. मधल्या महिन्यांचे हप्ते मजुरीतून भरायचे, आणि पावसाने ओढ दिली की मजुरीही बंद.

अशा वेळी हप्त्याचे पैसे येतात ते मंगळसूत्र गहाण ठेवून, किराणा उधारीवर नेऊन, शेजारणीकडून हातउसने घेऊन, भिशी आधी उचलून किंवा दुसऱ्या कंपनीच्या कर्जातून. कंपनीच्या दप्तरात या सगळ्यांची नोंद एकच होते: ‘हप्ता जमा’. परतफेड ९९ टक्के. घरात काय विकलं गेलं, ते त्या आकड्यात दिसत नाही.

दुसऱ्या कंपनीच्या कर्जाचा हिशेब करू. महिन्याला सरासरी १२,००० कमावणारं घर. एक कर्ज, हप्ता २,११५. झेपतं. दुसरं घेतलं, ४,२३०. ओढाताण होते, पण चालतं. तिसरं घेतलं, ६,३४५. आता निम्म्याहून जास्त कमाई हप्त्यांत जाते आणि एक आजारपण आलं की चौथं कर्ज ठरलेलं. प्रत्येक कंपनी आपापलं कर्ज पाहून म्हणते की दोन हजारांचा हप्ता काही जास्त नाही. सगळे हप्ते मिळून किती, हे फक्त त्या बाईला ठाऊक असतं. आणि कर्ज जास्त वाटलं तर ज्याला जास्त बक्षिसी मिळते, त्या फील्ड ऑफिसरकडून ‘तुम्हाला नको’ असं ऐकायची आशा धरता येत नाही. त्याला दोष देण्याआधी त्याच्यावरचं दरमहा उद्दिष्टाचं ओझंही पाहावं.

‘पण यातून गरिबी तरी हटते का?’

यावर चांगला पुरावा हैदराबादचा आहे. पुढे नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांबरोबर तिथल्या १०४ वस्त्या निवडल्या. त्यातल्या ५२ वस्त्यांत, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने ठरवून, कंपनीची शाखा आधी उघडली गेली. दीडेक वर्षाने तुलना केली. टिकाऊ वस्तूंवरचा खर्च वाढला होता आणि आधीपासून धंदा असलेल्यांपैकी काहींचा नफा चांगला वाढला होता. पण घरचा एकूण खर्च, मुलांचं शिक्षण, आरोग्य, घरातल्या निर्णयांत बाईचा शब्द, यांत ठळक फरक दिसला नाही.

याचा अर्थ कर्ज निरुपयोगी आहे असा नाही. ज्या बाईचं शिलाईचं काम आधीच चालू आहे तिला दुसरी मशीन घ्यायला ते उपयोगी पडतं. पण धंदा नाही, धंद्याची आवडही नाही, अशा बाईला कर्ज देऊन उद्योजक बनवता येत नाही. दोन्ही प्रकारच्या बायकांना एकच कर्ज, एकाच मापाने दिलं जातं, ही अडचण आहे.

‘मग सगळी कर्जं माफच करून टाका’

संतापाच्या भरात ही मागणी होते. ती झाली की काय घडतं, हे आंध्र प्रदेशात दिसलं. तिथे कर्जांची रांग लागली होती. २००६ मध्ये कृष्णा जिल्ह्यात प्रशासनाने कंपन्यांच्या शाखांना टाळं ठोकलं होतं. तो इशारा कोणी मनावर घेतला नाही. ऑगस्ट २०१० मध्ये एसकेएस मायक्रोफायनान्स ही कंपनी वाजतगाजत शेअर बाजारात आली, आणि त्याच सुमाराला कर्जदारांच्या आत्महत्यांच्या बातम्या येत होत्या. ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने कंपन्यांच्या वसुलीला लगाम घालणारा वटहुकूम काढला. काही आठवड्यांत वसुली जवळपास थांबली.

वसुली थांबली तेव्हा नवीन कर्जही थांबलं. नंतरच्या एका अभ्यासात दिसलं की आंध्रात अडकलेल्या कंपन्यांनी इतर राज्यांतही हात आखडता घेतला, आणि अशा जिल्ह्यांत रोजंदारीचे दर आणि घरखर्च दोन्ही घटले. ज्यांनी कर्ज घेतलंच नव्हतं अशा मजुरांनाही त्याची झळ बसली. नोटाबंदीनंतर विदर्भात ‘कर्जमाफी होणार, हप्ते भरू नका’ असं सांगत काही पुढारी फिरले. खाजगी कंपनीचं कर्ज असं भाषणाने माफ होत नाही. ज्यांनी ऐकलं त्यांच्या नावावर थकबाकी मात्र चढली.

म्हणून मला बंदीही नको वाटते आणि सरसकट माफीही नाही. ज्या घराला कर्ज झेपत नव्हतं तिथे मुदत वाढवून देणं, आणि ते देताना ज्याने तपासणी केली नाही त्या कंपनीने तोटा सोसणं, हे न्याय्य आहे.

नियम काय सांगतात

आंध्रच्या धक्क्यानंतर मालेगम समिती नेमली गेली, २०११ मध्ये या कंपन्यांसाठी वेगळे नियम झाले आणि २०२२ मध्ये ते सगळ्यांना लागू होतील असे नव्याने लिहिले गेले. सर्वांत महत्त्वाचा नियम असा: घरातल्या सगळ्यांचे, सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घरच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त जाता कामा नयेत. वरच्या उदाहरणातलं तिसरं कर्ज या नियमाने द्यायलाच नको.

नियम चांगला आहे, पण त्यात दोन भगदाडं आहेत. मजुरी करणाऱ्या घराचं ‘मासिक उत्पन्न’ शेवटी फील्ड ऑफिसर अंदाजानेच लिहितो. आणि सावकाराचं, सोनाराचं, भिशीचं देणं कुठल्याच नोंदीत येत नाही. कंपन्यांच्या संघटनेने २०२४ मध्ये एका बाईला तीनपेक्षा जास्त कंपन्यांनी कर्ज देऊ नये आणि एकूण रक्कम दोन लाखांवर जाऊ नये असं ठरवलं. त्यानंतरच्या वर्षभरात या व्यवसायातली एकूण कर्जं दहा टक्क्यांहून जास्त आटली. घट पाहून गुंतवणूकदार हळहळले. मला ती बऱ्याच अंशी गरजेची वाटते. मात्र जुनं फेडायला नवं घेण्याच्या चक्रात असलेल्या बायकांना ती दारं अचानक बंद झाली, आणि त्यांच्यासाठी मुदतवाढीची सोय आधी व्हायला हवी होती.

कर्ज घेताना, आणि अडचण आल्यावर

सही करण्याआधी तीन गोष्टी कागदावर मागाव्यात: हातात किती येणार, हप्ता किती आणि किती वेळा, सगळे खर्च धरून वर्षाचा दर किती. लोन कार्डावर प्रत्येक हप्त्याची नोंद करून घ्यावी. कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही. उशीर झाला तर दंड फक्त थकलेल्या हप्त्यावर लागतो, पूर्ण कर्जावर नाही. विमा किंवा सौरदिवा कर्जाबरोबर घ्यायलाच हवा, अशी सक्ती करता येत नाही.

वसुलीला सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर येता किंवा फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास, चारचौघांत नाव जाहीर करणं, हे सगळं नियमाबाहेर आहे. हप्ते ठरलेल्या जागी गोळा करायचे. बाई लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा तिथे आली नाही तरच घरी जाता येतं. एकीचा हप्ता आला नाही म्हणून गटातल्या सगळ्यांना रात्रीपर्यंत बसवून ठेवणं हे या नियमांत बसत नाही, आणि तसं गटाने मिळून सांगितलेलं जास्त परिणामकारक ठरतं.

हप्ता चुकणार हे दिसत असेल तर चुकण्याआधी कंपनीला लेखी कळवून मुदतवाढ मागावी. तोंडी बोलणं कुठेच राहत नाही. तक्रार आधी कंपनीकडे करायची, तिचा क्रमांक लोन कार्डावरच असतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला फी नाही, वकील लागत नाही, साधा अर्ज चालतो. अर्ज कसा करायचा ते १४४४८ या क्रमांकावर मराठीत विचारता येतं.